अगस्त्य आणि दीपमाळ

फिरतीच्या नोकरीत दप्तर-तपासणीच्या निमित्ताने एका माघ महिन्यात पुरंदर तालुक्यातील एका खेड्यात माझा मुक्काम पडला होता, आणि दिवसभर कागदपत्रांत गढलेल्या दृष्टीला रात्री चावडीसमोरच्या निरभ्र आकाशाएवढा विसावा दुसरा नव्हता. चावडीच्या ठरावीक खांबाला पाठ टेकून बसले की व्याधाच्या खाली, दक्षिणेकडे, अगस्त्याचा तेजस्वी तारा दिसे. तो पश्चिमेकडे सरकत सरकत समोरच्या देवळाच्या दीपमाळेपाशी येई, आणि त्या काळ्या दगडी कडेला टेकताच क्षणार्धात नाहीसा होई. केवळ बिंदुमात्र असल्याने चंद्रासारखे हळूहळू झाकले जाणे त्याच्या वाट्याला नाही. त्या क्षणी कंदिलाच्या उजेडात घड्याळ पाहून मी वेळ टिपून ठेवी.

दुसऱ्या रात्री तोच तारा त्याच कडेआड चार मिनिटे आधी गेला आणि तिसऱ्या रात्री आणखी चार मिनिटे आधी. पंधरा दिवसांत एक तास, महिन्यात दोन तास, आणि वर्षाअखेर पुन्हा पूर्वीचीच वेळ, असा हा चोख हिशेब आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरता फिरता सूर्याभोवतीही रोज सुमारे एक अंश पुढे जाते, म्हणून सूर्य पुन्हा मध्यान्ही येण्यास ताऱ्यापेक्षा तेवढा अधिक अवधी लागतो. नावेतून पुढे जाणाऱ्यास काठावरची अचल झाडे मागे जाताना दिसावीत तसे पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, हे आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये रचलेल्या ग्रंथात सांगितले होते. त्याची रुजवात एका खेड्यातील दीपमाळेवर घेता आली, याचे मला फार अप्रूप वाटले.

अगस्त्य याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे सर्वांत उंच, असताना हात लांब करून मुठींनी मोजले, तर क्षितिजापासून तो दोन मुठींहून किंचित कमी उंचीवर भरे. चावडीमागे जाऊन उत्तरेस ध्रुव पाहिला, तर त्याचीही उंची तेवढीच! ध्रुवाची उंची म्हणजे स्थळाचा अक्षांश, आणि पुण्याच्या परिसरात तो साडेअठरा अंशांच्या आसपास. अगस्त्यही आपल्याकडे जवळजवळ तेवढाच वर येतो. हे साम्य युरोपातील ग्रंथांत आढळणार नाही, कारण तेथील बहुतेक प्रदेशात अगस्त्य उगवतच नाही. त्या ग्रंथांतील न मावळणारे सप्तर्षी आपल्याकडे मात्र मावळतात. आपल्या विद्यार्थ्यांनी परक्या अक्षांशाचे आकाश पाठ करावे आणि डोक्यावरचे आकाश अनोळखी राहावे, हे मला मनापासून खटकते.

म्हणून वाचकांस विनंती अशी की, येत्या वैशाखात गच्चीवर निजाल तेव्हा मध्यरात्रीच्या सुमारास नारिंगी झाक असलेला स्वाती शोधावा. पुण्याच्या अक्षांशावर तो खस्वस्तिकापासून एका अंशाहूनही कमी अंतराने, अक्षरशः माथ्यावरून जातो. जवळच्या भिंतीची एखादी कड धरावी, रोज एकाच जागी डोके टेकावे, आणि आठवडाभर घड्याळ लावून तो त्या कडेआड जाण्याची वेळ टिपून ठेवावी.