जाळी

तुपात सोडलेल्या अनारशाला जाळी पडली की आई झारा उचलायची. फोमचं मॉडेल करायला बसलो तेव्हा मलाही पडद्यावर तशीच जाळी हवी होती, पण अगदी एकसारखी. केल्विननं १८८७ साली सुचवलेला चौदा बाजूंचा कप्पा घेतला आणि कप्प्याला कप्पा जोडत गेलो. उघड्या कप्प्यांच्या फोमची घनता निम्मी केली की त्याचा ताठपणा चौथाईवर येतो, कारण आतल्या बारीक काड्या दाबाखाली वाकतात. गिब्सन आणि अ‍ॅशबी यांचा हा नियम माझ्या जाळीत बरोबर उतरला. त्या दिवशी मी फार आनंदात घरी गेलो.

पुढे हेल्मेटच्या थर्मोकोलचं काम आलं. याचे कप्पे बंद, आणि शंभरात पंचाण्णव भाग हवा. असा ठोकळा दाबयंत्रात ठेवला की आलेख आधी चढतो, मग लांब पठार लागतं, आणि भिंती भिंतींना टेकल्या की कडा उभा राहतो. डोकं वाचतं ते पठारावर. माझ्या मॉडेलचं पठार खऱ्या ठोकळ्यापेक्षा बरंच उंच निघालं. त्यावर भरवसा ठेवून कुणी थर पातळ केला असता, तर ऐन धडकेत पठार लवकर संपून डोकं त्या कड्यावर आदळलं असतं.

प्लास्टिकचा ताठपणा थोडा कमी टाक, आलेख जुळेल, असं एकानं सुचवलं. जुळलाही. पण दुसऱ्या घनतेचा ठोकळा घेतला आणि पुन्हा फसला. मग ठोकळ्याचा सीटी स्कॅन काढला. एकही भिंत सरळ नव्हती. कुठे सुरकुती, कुठे जाडी कमी, कुठे चीर. सरळ भिंत शेवटपर्यंत तग धरते आणि मग एकदम मोडते. सुरकुतलेली आधीपासूनच झुकू लागते. स्कॅनवर मोजलेल्या सुरकुत्या तशाच जाळीत घातल्या. गणित कैक पटींनी लांबलं, भिंतींचे एकमेकींना होणारे स्पर्श शोधण्यातच रात्री गेल्या. पण दोन्ही घनतांची पठारं जागेवर आली, प्लास्टिकच्या आकड्याला हात न लावता. मोजलेला दोष मी आजही सोयीच्या आकड्याहून मोलाचा मानतो.

पडद्यावर दबलेले कप्पे मी रोज पाहतो. एकदा चेचलेला थर पुढच्या धडकेत तेवढं वाचवू शकत नाही, आणि वरचं कवच मात्र नव्यासारखं दिसत राहतं. तुमचं हेल्मेट एकदा जोरात आपटलं असेल, तर कृपा करून ते बदला.