गंजलेला बोल्ट

समुद्रकाठच्या खारट हवेत माझ्या जुन्या मोटारीच्या सायलेन्सरचे दोन बोल्ट गंजून जाम झाले होते. पहिल्यावर मी पान्याने सारे बळ लावले. बोल्टचे डोके तुटून हातात आले. दोष माझ्या अधीरतेचा होता.

गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो. म्हणून आटे एकमेकांत रुतून बसतात. दुसऱ्या बोल्टच्या आट्यांवर मी गंज सोडविणारे तेल घातले, हातोडीने हलके ठोके दिले आणि रात्रभर थांबलो. सकाळी तो आधी किंचित आवळला, मग सैल केला; पुन्हा आवळला, पुन्हा सैल केला. अखेर तो करकरत फिरला.

त्या क्षणी वर्षभर अबोला धरलेला धाकटा भाऊ आठवला. त्याच्यावरही मी केवळ जोरच लावला होता. सायंकाळी त्याच्या दारी गेलो. या खेपेस काही पटवून देण्यासाठी नव्हे, नुसता बसण्यासाठी.