राणीची अढी

पावसाळ्यात अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात पाऊल टाकलं की डोळ्यांना आधी काहीच दिसत नाही. नाकाला मात्र सगळं कळतं. ओला दगड, वटवाघळं, भिंतीवरच्या मातीच्या गिलाव्याचा तो कुबट तरी ओढ लावणारा वास. तसाच वास कधी बंद घराच्या माजघरात येतो, कधी जुन्या ट्रंकेत, आणि मला तिथल्या भिंतीवर रंगवलेली, दासींनी सावरलेली, शुद्ध हरपत चाललेली ती राणी आठवते. सुमारे दोन हजार वर्षांची. खपल्या उडून आता जेमतेम ओळखू येणारी.

तिची गोष्ट छद्दन्त जातकातली, बुद्धाच्या एका पूर्वजन्माची. सहा दातांच्या गजराजाने बहरलेला शालवृक्ष हलवला. त्याच्या एका जोडीदार हत्तिणीवर फुलं पडली, दुसरीवर वाळकी पानं आणि लाल मुंग्या. दुसरीच्या मनात अढी बसली. ती झुरून मेली, पुढच्या जन्मी काशीची राणी झाली, आणि व्याध पाठवून तिने त्याचे दात मागवले. व्याधाच्याने ते कापवेनात, तेव्हा गजराजाने स्वतःच सोंडेत करवत धरली.

हत्तीण गेली, राणी आली. मधून आलं काय? बुद्धाने आत्मा मानला नाही, म्हणून हा प्रश्न मला फार छळायचा. मिलिंद राजालाही तो पडला होता. भिक्षू नागसेनाने त्याला दिव्यावर लावलेला दिवा दाखवला: ज्योत कुणी इकडून तिकडे नेत नाही, तरी पहिल्यावाचून दुसरा पेटला नसता. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये पुनर्जन्म नाकारला नाही, पण तो आत्म्याचा नव्हे, महाभूतांचा.

माझ्या आजीचा तिच्या जावेशी अबोला होता. दोघी गेल्या, अबोला राहिला. जावेच्या घरावरून जाताना आईची मान आपसूक दुसरीकडे वळायची; मग माझीही वळू लागली. कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. मी पुनर्जन्म पाहिला तो असा.

सगळं अनित्य आहे, हे ऐकून मन उदास होतंच. फूल कोमेजणार, आई जाणार. पण मग अढीही टिकायची नाही! जन्म ओलांडून आलेला राणीचा राग दात समोर येताच ओसरला, आणि उरला तो फक्त जिवलग. किती उशिरा, गं बाई.

यंदाच्या दिवाळीत त्या घरी फराळाचं ताट घेऊन मी स्वतः जाणार आहे.