फ्रिजच्या दारातल्या बाटल्या

१.
फ्रिजच्या दाराच्या आत तीन बाटल्या: ओमेगा-३, ड जीवनसत्त्व, मल्टिव्हिटॅमिन. दाराच्या बाहेर चित्रांची पट्टी: ब्रश, अंघोळ, नाश्ता, थेरपी. उठल्यावर माझा स्वमग्न लेक आधी पट्टीपाशी येतो.

२.
थेरपी आणि सिरप एकाच आठवड्यात सुरू केले. दोन महिन्यांनी तो ‘पाणी’ म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, “औषध लागू पडलं गं.” थेरपीच्या ताईंनी पाण्याचे चित्रकार्ड दाखवले, कडा झिजलेले. मी दोघींनाही हो म्हटले. वहीत काहीच टिपलेले नव्हते.
आता एका वेळी एकच बदल. आणि तारीख.

३.
अमेरिका, १९९८. सिक्रेटिन हे आतड्यातले संप्रेरक. पोटाच्या तपासणीसाठी ते टोचल्यावर तीन स्वमग्न मुले जास्त बोलू लागली, अशी बातमी पसरली. पुढच्या वर्षी ५६ मुलांची चाचणी छापून आली. निम्म्यांना सिक्रेटिन, निम्म्यांना मिठाचे पाणी. दोन्ही गटांत सुधारणा सारखीच. निकाल कळल्यावरही ६९ टक्के पालकांना सिक्रेटिनमध्ये रस होताच.
हे पालक मला अगदी जवळचे वाटतात.

४.
“जीवनसत्त्वच ते, जास्त झालं तर लघवीवाटे जातं.” पण ब-६ जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत बरेच दिवस घेतले तर हातापायांच्या नसांना इजा होते.

५.
पूरक आहाराच्या डब्यावर, कायद्याने छापावेच लागते म्हणून: औषधी वापरासाठी नाही.
काउंटरवरचा माणूस, तोच डबा हातात देताना: “तीन महिन्यांत बोलायला लागेल.”

६.
मेलाटोनिनचा झोपेसाठी उपयोग होतो, त्याला चांगला पुरावा आहे. बोलण्यासाठी नाही.

७.
मोजकेच पदार्थ खाणाऱ्या स्वमग्न मुलांना स्कर्व्ही झाल्याच्या नोंदी आजच्या वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. मूल लंगडते, मग चालायचेच थांबते. दुखते हे सांगता येत नाही, म्हणून आधी तो हट्ट वाटतो. अशा मुलाला क जीवनसत्त्व द्यायलाच हवे, आणि लगेच.

८.
लेकाचे जेवण: पांढरा भात, तूप, एकाच छापाची बिस्किटे, कोकम सरबत. रक्त तपासले, लोह कमी निघाले. डॉक्टरांनी थेंब दिले. ते मी गुपचूप सरबतात घातले. एक घोट घेऊन त्याने पेला ठेवला. त्यानंतर सरबत नाहीच, आजतागायत. चार पदार्थांचे तीन झाले, ते माझ्यामुळे.
ताई म्हणाल्या, “लपवू नका. बाटली दाखवा, चित्र लावा, मग द्या.” पट्टीवर ड्रॉपरचे चित्र आले. तो थेंब घेईपर्यंत अकरा दिवस लागले.

९.
गोवा आणि रावळपिंडीतली एक चाचणी. २ ते ९ वर्षांची ६५ स्वमग्न मुले, निबंध २०१६ चा. तज्ज्ञ थेरपिस्ट नव्हेत, प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते. सहा महिन्यांत बारा बैठका. आई मुलाशी खेळते त्याचा व्हिडिओ काढायचा आणि तिच्याबरोबर बसून तो पाहायचा: इथे तो तुमच्याकडे वळला होता, पाहिलंत? मुले आपणहून संवाद जास्त सुरू करू लागली. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र घटला. तेही त्याच निबंधात छापले आहे. असे वाक्य मला एकाही डब्यावर सापडलेले नाही.

१०.
आईने मुलाबरोबर जमिनीवर बसण्याचा तास कुठल्याच बिलात दिसत नाही.

११.
आज बाटली दिसताच लेक म्हणाला, “नको.” पहिल्यांदाच, स्पष्ट. मी बाटली खाली ठेवली. वहीत तारीख घातली. थेंब पाच मिनिटांनी दिले.