टाळाची तिरपी कड

दोन वस्तू परस्परांशी जितक्या तंतोतंत जुळतील तितका त्यांचा संयोग उत्तम, अशी आम्हां सुशिक्षितांची एक दृढ समजूत असते. डब्याचे झाकण, दाराची चौकट, विधान आणि त्याचे प्रमाण ही चपखल बसली म्हणजे आमचे समाधान होते. हा नियम टाळास लावून पाहावा. टाळाच्या दोन्ही वाट्या तोंडास तोंड लावून अगदी सरळ मिटल्या, तर नाद न उमटता केवळ एक बोदा आवाज निघतो.

ह्यात गूढ असे काही नाही. मधल्या पोकळीतील हवेस बाहेर पडण्यास वाट राहत नाही. ती आत कोंडते आणि कडांचे कंपन तेथल्या तेथे दबते. म्हणून जाणता टाळकरी एक वाटी किंचित तिरपी धरून कडेवर कड जराशी सरकवून आणतो. हवेस फट मिळते आणि काशाचा नाद मोकळा होतो. दोरी तो मध्याशी आवळून धरतो, परंतु बोटे कडेस लागू देत नाही. कारण थरथरते ती मुख्यतः कड, मध्य नव्हे.

पाश्चात्त्य ड्रमवादकासही हेच करावे लागते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झालेल्या हाय-हॅट नामक जोडझांजेत वरची झांज पायाच्या दाबाने खालचीवर येते. आणि खालची थोडी कलती राहावी म्हणून तिच्याखाली एक लहानसा स्क्रू बसविलेला असतो. दांड्यावरच्या एकेकट्या झांजाही तो आपल्याकडे कलत्या ठेवतो, म्हणजे काठीचा घाव कडेवर आडवा न आदळता ओझरता जातो. वरची चकती फार आवळली, तर झांजेस डोलता येत नाही व ती तडकण्याचा संभव वाढतो.

तेथे जे स्क्रू करतो, ते पाथर्डीकडे मनगट करते. भगवानबाबांचा (1896–1965) भगवानगड ह्याच तालुक्यात आहे, आणि ह्या भागात हरिनाम सप्ताहाचे मोठे अगत्य आहे. कीर्तनकाराच्या मागे टाळकरी उभे राहतात. नवशिका मुलगा जाणत्याच्या शेजारी उभा राहून त्याचे मनगट पाहतो आणि आपला आवाज त्याच्या आवाजाशी ताडून पाहतो. ही विद्या पुस्तकातून येत नाही, कानातून येते.

आणि नेमका तो कानच आता धोक्यात आहे. ध्वनिवर्धकाच्या कल्लोळात मुलास स्वतःचा टाळ ऐकू येत नाही. बोदा वाजला काय आणि खणखणीत वाजला काय, दोन्ही सारखेच. ह्या कोरडवाहू मुलखातील पुष्कळ कुटुंबे दसऱ्याच्या सुमारास ऊसतोडीस बाहेर पडतात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. त्यांच्या मुलांस गावात शिकावयास मिळतात ते एवढेच दिवस. तेव्हा कीर्तनास हजारो श्रोते असतील, तर कर्णे खुशाल लावावेत. सायंकाळी हरिपाठास पन्नास माणसे असता ते बंद ठेवण्यास कोणाची हरकत असावी, हे आम्हांस कळत नाही. तेवढ्या अर्ध्या तासात एखाद्या मुलाचे मनगट आपोआप वळेल.