पोलादपूरचा फाटा येण्याआधी

मुंबई-गोवा हायवेवर महाड-पोलादपूर म्हणजे बहुतेकांसाठी चहा आणि वडापावचा थांबा. फार तर रायगडाला जायचं म्हणून रोपवे चालू आहे का, एवढी चौकशी. पण लॅपटॉप खांद्याला लावून फिरणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांनी पावसाळ्यात इथे दोन दिवस काढावेतच. जड फाइल्स एका मशीनमधून दुसऱ्यात का आणि कशा न्यायच्या, ते इथे पटकन कळतं.

आधी ‘का’ ते बघू. सावित्री आणि गांधारी या नद्यांमुळे महाड पावसाळ्यात पाण्याकडे एक डोळा ठेवूनच झोपतं. २२ जुलै २०२१ ला पूर आला तेव्हा बाजारपेठ पाण्याखाली गेली, वीज गेली, फोन लागेनात. त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. माझ्या आईची मावशी, म्हणजे आमची महाडची आजी, त्या पुरातून सुखरूप बाहेर पडली. तिचा लग्नाचा अल्बम मात्र चिखलात गेला. त्याची दुसरी प्रत कुणाकडेच नव्हती.

म्हणून मी आणि माझा मामेभाऊ तिला कॅमेऱ्यासमोर बोलतं करायला गेलो. माहेर, लग्नातली गाणी, भरतीच्या पाण्यावर सावित्रीतून येणाऱ्या होड्या... आजी सॉलिड रंगली. दोन तासांचं फोरके शूटिंग झालं, ४८ जीबी, आणि सगळं एकाच मेमरी कार्डावर! दुसऱ्या दिवशी पोलादपूरला आमच्या वाटा वेगळ्या होणार होत्या. तो कशेडीच्या बोगद्यातून चिपळूणला, मी आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला. बाहेर पाऊस धो धो.

“ताई, क्लाउडवर टाकून मोकळे होऊ ना,” भाऊ म्हणाला. हिशेब करून बघा. अपलोडचा वेग ५ एमबीपीएस मिळाला तर ४८ जीबीला साधारण २१ तास लागतात, तेही रेंज आणि लाइट टिकली तर. त्या रात्री लाइट आठलाच गेली.

मग उरतात जवळचे उपाय. पेनड्राइव्ह वापरणार असाल तर आधी त्याचं फॉरमॅट बघा. फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जातच नाही. एनटीएफएस असेल तर मॅक ती नुसती वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. एकाकडे विंडोज आणि दुसऱ्याकडे मॅक असेल (आमचं तसंच होतं) तर एक्सफॅट बेस्ट. फक्त फॉरमॅट बदलताना आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा हे काम घरून निघतानाच उरका. पोर्टही महत्त्वाचा. जुन्या यूएसबी २.० वर सेकंदाला ३० एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे ४८ जीबीला जवळपास अर्धा तास.

केबल नसेल तर दोन्ही लॅपटॉप एकाच मोबाइल हॉटस्पॉटवर घ्या आणि लोकलसेंडसारखं फुकट अॅप वापरा. फाइल तिथल्या तिथे फिरते, इंटरनेट लागत नाही, डेटा पॅकही संपत नाही. पण सगळ्यात फास्ट म्हणजे साधी लॅन केबल. दोन लॅपटॉप थेट जोडायचे, एकावरचं फोल्डर शेअर करायचं, दुसऱ्यावर उघडायचं. गिगाबिट पोर्ट असेल आणि डिस्कने साथ दिली तर सेकंदाला ११० एमबीपर्यंत वेग. लॅपटॉपला पोर्ट नसेल तर छोटा अॅडॉप्टर बॅगेत ठेवा. आम्ही कार्ड आधी माझ्या लॅपटॉपवर उतरवलं आणि मग केबल लावली. मेणबत्तीच्या उजेडात, बॅटरीवर, आठ-नऊ मिनिटांत काम फत्ते!

आजी हे सगळं बघत होती. “म्हणजे आता मी दोघांकडे?” तिने विचारलं. मग स्वतःच म्हणाली, “दासबोधासारखंच की रे हे.”

तिचं बरोबर होतं. महाडहून बिरवाडीमार्गे शिवथरघळीला जाता येतं. पावसात घळीशेजारचा धबधबा असा कोसळतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. समर्थ रामदासांनी इथे दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. २० दशक, २०० समास, ७७५१ ओव्या. टाइप केलं तर सगळा ग्रंथ मोबाइलच्या एका फोटोएवढ्या जागेत मावेल. पण तेव्हा एक प्रत म्हणजे हाताने लिहायचं काम, आणि नंतर पोथी बांधून मठामठांत पायी न्यायची. धाराशिव जिल्ह्यातल्या डोमगावच्या मठातली कल्याणस्वामींची प्रत प्रसिद्ध आहे. घळ इथे, प्रत तिथे. बॅकअपचा नियम आजही तोच आहे, दुसरी प्रत दुसऱ्या गावी हवी.

तेव्हा ट्रिपवर एवढं कराच. कॉपी झाल्यावर दोन्हीकडची फाइलची साइझ जुळवा. व्हिडिओ सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी चालवून बघा. लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत घालून मगच बॅगेत ठेवा. आणि घरी पोचेपर्यंत मूळ कार्ड पुसू नका.

पोलादपूरच्या एसटी स्टँडवर चहा घेताना भावाने त्याच्या मॅकवर मधलाच एक भाग लावला. आजी होड्यांबद्दल सांगत होती, आवाज स्वच्छ होता. तो चिपळूणच्या गाडीत चढला, मी महाबळेश्वरच्या. कार्ड आजीच्या देव्हाऱ्यात होतं.