सतरा क्रमांकाचा रस्ता

आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर मैलाचा एक दगड होता. माथा पिवळा, खालचा भाग पांढरा. शाळेत जाण्यापूर्वी अंक ओळखायला मी त्या दगडावरच शिकलो. वडील सांगत, “पिवळा माथा म्हणजे दिल्लीचा रस्ता, हिरवा माथा म्हणजे मुंबईचा.” राष्ट्रीय महामार्ग आणि राज्य महामार्ग यांतील भेद त्यांनी असा दोन रंगांत सांगून टाकला होता. आमचा रस्ता दिल्लीचा होता, राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 17. पनवेलहून निघून कोकण, गोवा व कर्नाटकाचा किनारा मागे टाकीत तो केरळात कोचीजवळच्या इडापल्लीपर्यंत 1,269 किलोमीटर जात असे. हे सारे तेव्हा मला कुठले ठाऊक? परंतु आपण एका मोठ्या गोष्टीच्या काठावर राहतो, एवढे त्या अंकावरून मनात ठसले होते.

रस्त्यांना असा दर्जा मिळण्यामागे मोठा इतिहास आहे आणि त्यात आपल्या मराठी मुलखाचा वाटा आहे. 1927 साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. रस्त्यांचा भार केवळ प्रांतांवर व स्थानिक मंडळांवर न टाकता मध्यवर्ती सरकारनेही उचलावा आणि त्यासाठी पेट्रोलवर जादा कर घ्यावा, असे तिने सुचवले. त्यातून 1929 साली मध्यवर्ती रस्ते निधी उभा राहिला. पुढे 1943 साली नागपूर येथे मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते अशी वर्गवारी झाली. 1956 साली राष्ट्रीय महामार्गांचा कायदा आला. तेव्हा क्रमांक ही काही शोभेची पाटी नव्हे. हा रस्ता कोणी राखायचा, या प्रश्नाचे ते उत्तर आहे.

2010 साली हे क्रमांक बदलले. जुन्या क्रमांकावरून रस्त्याची दिशा कळत नसे. नव्या नियमाने दक्षिणोत्तर रस्त्यांना सम अंक मिळाले आणि ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम अंक मिळाले आणि ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. उपमार्गांना तीन आकडी क्रमांक मिळाले, त्यांतील शेवटचे दोन अंक मूळ मार्गाचे. आमचा 17 असा 66 झाला आणि रत्नागिरी-कोल्हापूर मार्ग त्याची शाखा म्हणून 166. मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा 8 आणि पुण्या-बंगळुरूकडे जाणारा 4 हे दोन्ही 48 या एका अंकात सामावले. मोकळे झालेले अंक दूरदेशी गेले. 4 अंदमानात, 8 त्रिपुरात, 17 आसाम व उत्तर बंगालात. मुंबई-आग्रा मार्गाचा 3 आता अटारीहून निघून लेहपर्यंत चढतो. व्यवस्था निःसंशय चांगली आहे. जुन्या अंकाचा लोभ हा माझ्यासारख्या उतरत्या वयाच्या माणसाचा हळवेपणा, असे म्हणून मी तो विषय मनातून काढून टाकला होता.

परंतु क्रमांक बदलणे निराळे आणि क्रमांक काढून घेणे निराळे. शहराबाहेरून बाह्यवळण रस्ता होतो, महामार्ग तिकडे वळतो आणि गावातून जाणारा जुना तुकडा मागे उरतो. झाराप ते पत्रादेवी हा रस्ता झाल्यावर सावंतवाडी शहरातला जुना मार्ग असाच बाजूला राहिला. ज्या कायद्याने सरकार एखाद्या रस्त्याला महामार्ग म्हणून घोषित करते, त्याच कायद्याने अधिसूचना काढून ते त्याला यादीतून वगळूही शकते. मग तो तुकडा दुसऱ्या खात्याकडे किंवा नगरपालिकेकडे सोपवायचा असतो. वगळणे आणि सोपवणे यांच्यामध्ये कधीकधी बराच काळ जातो. त्या काळात पावसाळे मात्र थांबत नाहीत.

मी पूर्वी ज्या धर्मग्रामात होतो, तेथे असाच एक तुकडा आहे. माझी बदली झाल्यानंतर दोन वर्षांनी तेथील एका वृद्ध बाईंचे पत्र आले. नातीकडून लिहून घेतलेले. त्यांचा मुलगा रात्री कामावरून परतताना मोरीजवळच्या खड्ड्यात मोटारसायकलसह पडला आणि गेला. बाईंनी दोन कार्यालयांचे उंबरठे झिजवले. पहिल्या ठिकाणी उत्तर मिळाले, “रस्ता आता आमच्याकडे नाही.” दुसऱ्या ठिकाणी, “अजून आमच्याकडे आलेला नाही.” पत्राच्या शेवटी नातीने आजीचे शब्द जसेच्या तसे उतरवले होते : “फादर, ह्यो रस्तो आता कोणाचो? माका पैशे नको. तो खड्डो तेवडो बुजवूक सांगा.”

मी काय केले ते लिहिताना आजही संकोच वाटतो. मी सांत्वनाच्या चार ओळी लिहिल्या आणि खाली लिहिले, “आता मी तेथे नाही, तरी नव्या फादरांना भेटावे.” पत्र पेटीत टाकून परतताना जिना चढता चढता पाय थांबले. ‘आता आमच्याकडे नाही.’ मी त्याहून वेगळे काय लिहिले होते? त्या मुलाचे लग्न मी लावले होते. बदलीच्या हुकुमाने माझा पत्ता बदलला होता. त्या घराशी असलेले माझे नाते कोणत्या अधिसूचनेने रद्द झाले होते?

दुसऱ्या आठवड्यात मी तेथे गेलो. नवे फादरही आनंदाने बरोबर आले. आम्ही तिघे त्या कार्यालयांत पुन्हा पुन्हा गेलो. कोणी उद्धट नव्हते. प्रत्येकाजवळ आपापल्या हद्दीचा कागद होता. अखेर हस्तांतरणाचे पत्र सापडले. रस्ता अपघातापूर्वीच सोपवला गेला होता, केवळ घेणाऱ्याने त्याची नोंद केली नव्हती. त्यानंतर खड्डा बुजायला फार दिवस लागले नाहीत. मोरीला कठडाही झाला. बाईंचा मुलगा मात्र परत येणार नव्हता.

त्या दिवशी बाईंच्या घरून निघालो, तेव्हा मोरीपलीकडे गवतात एक दगड दिसला. पिवळा रंग विटला होता, तरी 17 हा आकडा वाचता येत होता. बाईंनी वाकून त्याच्याभोवतीचे गवत उपटले आणि म्हणाल्या, “ऱ्हवांदे तो. लोक अजून ह्याच रस्त्यान जातत.”